सोळावा भाग

१ नोव्हेंबर, शनिवार
आमच्या लेकीची, हारिमची आई धाकट्या बहिणीकडे मोकपोला गेली, त्याला आज पाच दिवस. भांडण वगैरे काही नाही. बासष्टाव्या वर्षी वृद्धसेवेची परीक्षा देते म्हणाली. मी हसलो. नुसता हसलो! आणि म्हणालो, आधी घरातला म्हातारा सांभाळ. तिने पुस्तकं पिशवीत भरली. पास झाले तर तिकडेच नोकरी धरीन म्हणाली, आणि गेली.
पास होणार नाही. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं मीटर वाचलेत मी. आकडा कुठवर जाणार ते मला कळतं.
तिची नवी सिरियल आज सुरू झाली. महिनाभर म्हणत होती, अहो, ही आपण दोघांनी मिळून बघायची. टीव्ही चालतो का तपासायला म्हणून लावली. पूर्ण तास तपासला.

२ नोव्हेंबर, रविवार
दुसरा भाग. भिकार आहे. युनहो मोठ्या घरचा मुलगा, सोदान बोटीची तिकिटं विकणारी. आता त्याची आई आडवी येणार, शेंबडं पोरही सांगेल. पुढचा शनिवार सहा दिवसांवर आहे. हे काय शहाणपणाचं वेळापत्रक?

९ नोव्हेंबर, रविवार
नोंद असावी: मी सिरियल बघत नाही. मी अभ्यास करतोय. बायकांना काय हवं असतं ते एकदा समजलं की हारिमची आई आठवड्यात घरी.
आजचा मुद्दा: युनहो तिला नावाने हाक मारतो. छत्तीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. आधी ‘अगं’, मग ‘हारिमची आई’. आरशासमोर ‘ओकबुन’ म्हणून पाहिलं. दुसऱ्याच कुणाची बायको पळवतोय असं वाटलं. रोज दहा वेळा सराव करायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार
सहावा भाग. सोदान रुसून मावशीकडे. युनहो तिच्या वाढदिवसाला स्वतः समुद्री शेवाळाचं सूप, वाढदिवसाला घरोघरी करतात ते, रांधून घेऊन गेला. ती वाडग्यात रडली. सगळं माफ! मीही थोडा रडलो. कांदा चिरत होतो. (घरात कांदा नाही.)
तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स शोधून काढली. जन्मतारीख २२ नोव्हेंबर! परीक्षासुद्धा त्याच दिवशी, मोकपोलाच. याला म्हणतात योग.

२० नोव्हेंबर, गुरुवार
रंगीत तालीम. वाळलेलं शेवाळ मूठभर दिसतं म्हणून अख्खं पाकीट भिजवलं. तासाभरात घमेलं भरलं, मग बादली, मग मोरी. काळजी नाही. जास्त प्रेम दिसेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पहाटेची बस. लांब कोट, मफलर, थर्मास. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभा राहिलो. बाकी घरचे लोक चिकट मिठाई घेऊन आलेले, वाचलेलं डोक्याला चिकटून राहावं म्हणून. ती आली. सोबत मेहुणी. मी झाकण उघडलं. वास सुटला आणि फाटकाशी सगळे वळून बघायला लागले.
वॉचमन म्हणाला, आजोबा, परीक्षेच्या दारात शेवाळ? घसरून पाडायचंय का बाईंना? एका बाईने तर आपल्या मुलीला ओढून लांब नेलं.
शेवाळ खाल्लं की परीक्षेत घसरतात म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. हारिमच्या परीक्षेच्या वेळी महिनाभर घरात शेवाळ येऊ दिलं नव्हतं, ते मीच. युनहोच्या नादात डोक्यातूनच गेलं.
मेहुणी म्हणाली, भावोजी, मी नापास व्हावं म्हणून इतक्या लांबून कुणी आलं असतं ना, तर मीसुद्धा घरी गेले नसते. हारिमची आई एवढंच म्हणाली, आज माझा वाढदिवसही नाही हो. आणि आत गेली.
‘ओकबुन’ म्हणायचं राहिलं.
स्वतःचा वाढदिवस विसरली बिचारी. परीक्षेचं टेन्शन. बसमध्ये सूप एकट्याने संपवलं. सातवा भाग चुकू दिला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
पहिला बर्फ! दहाव्या भागात युनहोने पहिला बर्फ पडताना फोन केला होता. धावत गच्चीवर जाऊन केला. उचलला मेहुणीने. भावोजी, इथे कडकडीत ऊन आहे, म्हणाली. ताई कपडे वाळत घालतेय. मी म्हटलं, तिला दे ना. ती म्हणाली, हात ओले आहेत.
बराच वेळ गच्चीवर थांबलो. हात वाळले की करील असं वाटलं.

११ डिसेंबर, गुरुवार
पास झाली. चांगल्या मार्कांनी. म्हणजे माझ्या सुपाने काहीही बिघडलेलं नाही, हे सिद्ध झालं. मोकपोच्याच एका वृद्धाश्रमात लागलीसुद्धा. जाड रजई पाठवा, असा मेसेज.
रजई पाठवायची नाही. थंडी वाजली की येईल.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रजई पाठवली. तिला थंडी सोसत नाही.

२० डिसेंबर, शनिवार
पंधरावा भाग. घर खायला उठतं. दोन वाडगे घेतो, एक परत ठेवतो. मी हसायला नको होतं. हे इथे लिहितो, कारण दुसरं कुणी ऐकायला नाही.
पण उद्या शेवटचा भाग! पुढच्या भागाच्या झलकीत दाखवलं: सोदान संध्याकाळच्या बसने परत येणार. मेहुणीकडून कळलं, उद्या हारिमच्या आईला सुट्टी आहे. आणखी काय पुरावा हवा? मेसेज केला: बसस्टँडवर उभा असेन.

२१ डिसेंबर, रविवार
मोकपोच्या तीन बस आल्या. शेवटचा भाग लागला तेव्हा स्टँडवरच्या टीव्हीकडे पाठ करून बसलो. शेवट तिच्याबरोबरच बघायचा. तिसऱ्या बसमधून एक सैनिक उतरला आणि ड्रायव्हर. मेसेजला उत्तर आलं: सुट्टी रद्द, दोन जण आजारी.
हारिमला सांगून ठेवलं, शेवटी काय झालं ते मला सांगायचं नाही.

१० जानेवारी, शनिवार
सकाळी हारिमचा फोन. बाबा, आईला फोन केलात का? आज वाढदिवस तिचा. मी म्हटलं, तो नोव्हेंबरात झाला. ती म्हणाली, कपाळ माझं! ओळखपत्रावरची तारीख चांद्र पंचांगाची आहे, बाबा. दर वर्षी थंडीत आई स्वतःच सूप करायची ना स्वतःसाठी? तुम्ही दोन वाडगे खायचात!
खायचो. का केलंय हे कधी विचारलं नाही.
सूप केलं. शेवाळ मूठभरच. मग फोन लावला. तिने स्वतः उचलला. डोळे मिटून म्हणालो, ओकबुन.
ती म्हणाली, कोण बोलतंय?
मी म्हटलं, मी. हारिमचे बाबा. वाढदिवस ना आज. ती म्हणाली, अय्या, लक्षात राहिला? मी हारिमचं नाव घेतलं नाही. म्हणाली, इथल्या आजींनी सूप करायला लावलं, दोन वाडगे खाल्ले. हसलीसुद्धा. मग आपणहून म्हणाली, अहो, ती सिरियल लागायची ना, संपली त्या दिवशी आमची धावपळ, शेवटचा भाग कुणालाच बघता आला नाही. आजी रोज डोकं खातात. तुम्ही बघितलात का हो? शेवटी येते का ती परत?
मी म्हटलं, नाही बघितला.
हं, ती म्हणाली, तुम्ही कशाला बघाल असलं. मागून कुणीतरी हाक मारली, ओकबुनताई, ओकबुनताई. आले, आले, म्हणाली आणि फोन ठेवला.
पंधरा भाग बघितले होते मी. सूप उरलंय. उद्या गरम करीन.