भडका, नव्वद टक्के

३ मार्च, सोमवार

आली! मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा. आणि आल्या आल्या भांडण.

मी खाली बसून एका प्रिंटरच्या पोटातून अडकलेला कागद ओढत होतो. वरून आवाज — "भडका आहे का इथे?" हात तसाच आत राहिला. कॉलेजातलं नाव! मामाने चष्म्यावरून पाहिलं. "भडका नाही, एक भाचा आहे. चालेल?"

तिने लॅपटॉप टेबलावर आदळला. "यावर तूच घालून दिलेली सिस्टीम, तूच निस्तर."

झालं असं — तिची मुलाखत चालू होती, लॅपटॉपवरूनच. कोपऱ्यात बॅटरी सत्तर टक्के. आणि धाडकन अंधार! ना सूचना, ना काही. घरी संध्याकाळी हे नेहमीचंच, म्हणे. सत्तर-ऐंशी दाखवतो आणि मरतो. कंपनीवाले भले, त्यांनी पुन्हा वेळ दिली. सतरा तारीख. नोकरी दुसऱ्या शहरात आहे.

दुसऱ्या शहरात.

मी म्हटलं, "होईल."

मामाच्या दुकानाची एक रीत आहे, भिंतीवर पाटीच लावलीय — 'यंत्राला जे जे जोडता ते ते सोबत आणा.' म्हणून विचारलं, चार्जर सोडून आणखी काय जोडतेस?

"काही नाही."

नको इतकं चटकन म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर चालवला. भरलेल्या बॅटरीपासून पार रिकामी होईपर्यंत. एकदम काटेकोर! वेळेवर सूचना, मग दुसरी, मग शहाण्यासारखा झोपला. माझ्याकडे गुणी बाळ आणि तिच्याकडे मस्ती!

कीबोर्डमधली धूळ ब्रशने काढली. एका फटीत तिचा केस होता. तो नाही काढला.

६ मार्च, गुरुवार

बॅटरीची जोडणी साफ करून लॅपटॉप परत दिला. संध्याकाळी फोन. "ऐंशी दाखवत होता. मेला. अगदी तुझ्यावर गेलाय — सगळं ठीक आहे म्हणतो आणि मधेच उठून चालता होतो."

कॉलेजवरून टोमणा! माझं डोकं फिरलं. म्हटलं, माझ्याकडे नीट चालतो, तूच काहीतरी उद्योग करत असशील.

"मग काय तुझ्या दुकानात येऊन राहू?"

मी फोन आपटला. पायऱ्या उतरून खाली आल्यावर कळलं ती काय म्हणाली ते. मला कोणीतरी दोन लगावायला हव्यात.

८ मार्च, शनिवार

लॅपटॉप पुन्हा माझ्या टेबलावर. दुकानातली नवी बॅटरी घालून पाहिली. इथे ती पण नीट, जुनी पण नीट. मामाने जुनीला मीटर लावला. "ठणठणीत आहे रे. बॅटरीला काय झोडपतोस? तिच्याकडे बघणारा तपास."

बघणारा म्हणजे कोपऱ्यात आकडा दाखवणारा तो छोटासा प्रोग्रॅम. विजेवर लक्ष ठेवायचं त्याचं काम. तो बॅटरीला विचारतो, किती उरलीस? आणि मिळेल ते उत्तर वर लिहितो. चार्ज संपत आला की ओरडायचं कामही त्याचंच. माझ्याकडे तो बरोबर विचारतो. मग तिच्या घरी नक्की कोणाला विचारतो?

मी टाकलेली सिस्टीम. मीच निवडलेला प्रोग्रॅम. मामासमोर कबूल नाही केलं, पण झोंबलं.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. लॅपटॉप आत, मी घरी. आई म्हणाली, "जेव की. कोणी दवाखान्यात आहे का आपलं?"

११ मार्च, मंगळवार

आज ती बसली. स्टुलावर, बराच वेळ. मामा मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन डबे वाजवत होता.

"परत का येत नाहीस कॉलेजला? सर विसरले पण तुमचं ते भांडण."

"मी नाही विसरलो."

"तेच तर! तुला जिंकायचं असतं. समोर कोणी लढत नसलं तरी."

काहीतरी फाडकन बोलणार होतो. नाही बोललो. माझा मलाच अचंबा वाटला! मग ती स्क्रूच्या वाटीत बोट फिरवत म्हणाली, "मला घेतलंच त्यांनी, तर..." आणि नेमका एक काका फुटलेला माउस घेऊन दारात. त्यांचा माउस मी आयुष्यभर दुरुस्त करणार नाही.

'तर' काय? रात्रभर तेच डोक्यात राहणार.

परवा येते म्हणालीय. परवा सांगून टाकायचं. नोकरी घे, जा, पण मला काहीतरी सांगायचंय तुला — असं. साधं. न ओरडता.

१३ मार्च, गुरुवार

सापडला दोष.

नीट लिहितो, क्रमाने.

लॅपटॉप टेबलावर चालू होता. आकडा तीस. बाहेर मोटरसायकल थांबली. ती उतरली, खांद्यावर बॅग. चालवणारा लंबू! माझा कॉलेजातला, खोलीवरचा सोबती लंबू. गाडीवरूनच हात हलवला त्याने, हेल्मेटमधून दात दिसले. ती आत आली आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा तीसवरून नव्वद झाला.

नव्वद! चार्जर लावलेला नाही, कोणी हात लावलेला नाही.

आकड्यावर बाण नेला. खाली नाव आलं — 'भडका'.

ते माझे हेडफोन. बिनतारी. घेतले तेव्हा कौतुकाने मीच त्यांना ते नाव दिलं होतं. कॉलेज सोडताना रागाच्या भरात अर्धं सामान लंबूच्या अंगावर फेकलं, "ठेव तुलाच" म्हणून. त्यात हेडफोनही होते. आता ते जवळ आले की हा लॅपटॉप त्यांना ओळखतो, आपोआप जोडून घेतो. आणि प्रोग्रॅम मूर्ख — हेडफोनच्या बॅटरीलाच लॅपटॉपची बॅटरी समजतो. हेडफोन भरलेले, तर वर नव्वद. लॅपटॉप बिचारा खाली तडफडून मरतो, त्याला कोणी विचारतच नाही.

म्हणून माझ्याकडे होत नव्हतं. म्हणून तिच्या घरी व्हायचं. संध्याकाळी. नेहमी.

म्हणजे लंबू तिच्या घरी. संध्याकाळी. नेहमी!

"काही जोडत नाहीस ना तू?" मी म्हटलं.

ती स्क्रीनकडे बघत होती. बॅगेचा पट्टा मुठीत घट्ट. चेहरा लाल. "ऐक ना, मी सांगणारच होते —"

"लंबूला सांग, हेडफोन बंद ठेवत जा म्हणावं. तुझ्याकडे आला की."

"लंबू?" तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. लाली उतरत गेलेली मी पाहिली. "तुला असं वाटतं?"

"वाटायचंय काय त्यात? स्क्रीनवर दिसतंय!"

मामा बाहेर आला. मी थांबलो नाही. तिच्या समोर तो 'भडका' लॅपटॉपमधून काढून टाकला. प्रोग्रॅमला बजावलं, फक्त आतली बॅटरी बघ. आकडा उतरला, तीसच्याही खाली. खरा आकडा.

एवढं करायची गरज नव्हती. प्रोग्रॅमला बजावलं तेवढंच पुरलं असतं, हेडफोन राहू शकले असते. पण मला काढायचेच होते.

"झालं का काम?" ती म्हणाली. "दे."

निघाली. लंबूच्या गाडीवर बसली नाही. चालत गेली. तेही मला नाटक वाटलं.

मामा म्हणाला, "एवढे दिवस छळणारा रोग सापडला की लोक नाचतात. तू गिऱ्हाइकावर भुंकतोस."

१४ मार्च, शुक्रवार

काही नाही. एक मदरबोर्ड जाळला. चुकून नाही.

१७ मार्च, सोमवार

दुपारी दुकानाच्या फोनवर तिचा निरोप — 'लॅपटॉप शेवटपर्यंत चालला. मुलाखत छान झाली. मामांना धन्यवाद.'

मामांना!

मामा म्हणे, "मी काय केलं बाबा? मी तर डबे वाजवले."

हसायला आलं आणि मग संडासात जाऊन नळ सोडून ठेवावा लागला.

२४ मार्च, सोमवार

नोकरी लागली. रविवारी निघणार, असं मामाला कुठूनतरी कळलं. "सोडायला जातोस?" विचारलं त्याने. म्हटलं, गाडीवाला आहे तिला सोडायला. मामाने माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

आता लिहितानाही 'तर'च आठवतंय. मला घेतलंच त्यांनी, तर... तर काय गं?

३० मार्च, रविवार

तिची गाडी सकाळची होती. मी घरीच पडून राहिलो, भिंतीकडे तोंड करून.

संध्याकाळी लंबूच्या खोलीवर गेलो. मारायलाच. दार उघडल्या उघडल्या कॉलर धरली आणि म्हटलं, माझे हेडफोन आण आधी.

"कुठले हेडफोन? ते तर तू गेलास त्याच दिवशी तिने मागून नेले माझ्याकडून. तुला परत करते म्हणाली. केले नाहीत? लकी आहेत म्हणून त्या पहिल्या मुलाखतीलाही घातले होते की. अरे, त्या दिवशी तुझ्या दुकानात निघाली होती, बस चुकली, मी सोडलं. बॅगेत तेच होते... ए भडक्या, खाली काय बसतोस?"

'जे जे जोडता ते ते सोबत आणा.'

त्या दिवशी आणले होते तिने.