सात मिनिटांचं कांद्याचं सूप

४ मार्च १९८५
आजपासून रोज लिहायचं. सिगारही बंद.
बोनाकोर्सी माझ्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटी दुकानांत खपवतो. त्याने ‘मधुचंद्राची घाई’चा डबा दाखवला. डबा आधी, सिनेमा नंतर, ही आमच्या धंद्याची रीत. डब्यावरची बाई सिनेमात नसते. कथा काय, विचारलं. म्हणाला, व्हर्न, असले सिनेमे दुकानात पडद्यामागे ठेवतात, तिथे कोण कथा शोधायला जातं? बिचारा. नुसता व्यापारी.

६ मार्च
कथा तयार. नवरा, नवरी आणि नवऱ्याच्या वारलेल्या बापाचं पत्र. मधोमध सूप पीत सात मिनिटं नुसतं बोलणं. सगळ्यांच्या अंगावर कपडे. आमच्यात हे कुणी केलेलं नाही. सतरा वर्षांत माझी कथा कुणी नीट पाहिल्याचं ऐकलं नाही. यंदा एक तरी माणूस हवा.
बायकोला वाचून दाखवलं. डोरीन इस्त्री करत होती. छान आहे म्हणाली, पण लोक पुढे पळवतील. लोकांवर विश्वास हवा.

११ मार्च
शेरमन ओक्समध्ये दोन दिवसांसाठी घर मिळालं. मालकीण मिसेस लिंडक्विस्ट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. ओव्हन साफ करायच्या पावडरची जाहिरात आहे, असं सांगितलं. अगदीच खोटं नाही, ओव्हन दिसतो. सुपासाठी निळ्या फुलांचे वाडगे बाईंनी आपणहून काढून दिले. आईचे आहेत, जपा हो, म्हणाल्या.

१३ मार्च
शूटिंग संपलं. बाकीचं सगळं एका दुपारी उरकलं, सुपाला दीड दिवस गेला. नवरा झालेला रिक म्हणाला, एवढं पाठ करता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?
गडबडीत एका वाडग्याचा कान उडाला. चिकटवला. बाईंनी विचारलंच, तेव्हा आधीपासून तसाच होता म्हणालो.
सिगार एकच. शूटिंगचे दिवस धरायचे नाहीत.

२ मे
बोनाकोर्सी सूप कापायला निघाला. मी पाय रोवून उभा राहिलो. शेवटी तोच म्हणाला, राहू दे, डब्यावर साठ मिनिटं छापलंय, सूप काढलं तर त्रेपन्नच उरतात. कलेचा विजय.

२० जून
रेसीडातला हागोप कॅसेटी भाड्याने देतो. त्याच्या दुकानात माझी कॅसेट कधी जागेवरच नसते. पुढच्या सिनेमात बोलणं बारा मिनिटं ठेवायचं.

९ ऑगस्ट, दुपारी
हागोपकडून तीच झिजलेली कॅसेट मागून आणली. लोक जिथे थांबवून थांबवून बघतात तिथे फीत झिजते आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात. प्रेक्षकाचं खरं मत तिथे कळतं. डोरीनला मुद्दाम शेजारी बसवलं.
इतर प्रसंगांत रेघाच रेघा. ते धरलेलंच होतं. सूप सुरू झालं. चित्र लख्ख, कालच डब्यातून काढल्यासारखं. चार मिनिटं तसंच. डोरीन खाली बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.
आणि पाचव्या मिनिटाला पडदा पांढराफटक. नेमका नवरा पत्र उघडतो तिथे. कुणीतरी पुन्हा पुन्हा थांबवलंय. मला रडू आलं. डोरीनने रुमाल दिला.

१० ऑगस्ट
हागोप गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. आज मात्र हसू आवरेना म्हणून सांगून बसला. मिसेस लिंडक्विस्ट. तुमचे वाडगे एका सिनेमात दिसतात, असं त्यांना चर्चच्या खजिनदारांनी सांगितलं. खजिनदारांना कसं कळलं, हे बाईंनी विचारलं नाही.
फुलं घेऊन गेलो. बाई दारातच वाडगा घेऊन उभ्या. म्हणाल्या, बाकीचं मी पळवलं, पण हे वीस वेळा थांबवून पाहिलं. पाचव्या मिनिटाला त्या पोराचं कोपर लागतं आणि कान उडतो. आधीपासून तसाच होता म्हणालात ना?
मी माफी मागितली. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, पत्र कसं वाटलं?
बाई म्हणाल्या, कुठलं पत्र?