केनवडच्या गल्लीतली हाक

प्रिय नीलिमा,

डोहाळजेवणात तुझा भाऊ मला सगळ्यांसमोर "कॉलेज सोडलेला जावई" म्हणाला आणि मी त्याची कॉलर धरली. तेव्हापासून तुझ्या माहेरचं दार मला बंद, तुझा फोनही त्याच्याच खिशात. नर्सबाई तर म्हणाल्या होत्या, बाळाशी रोज बोला, पोटातही त्याला बापाचा आवाज ओळखू येतो. कसं बोलू?

म्हणून रिसोडचा बाजार सोडून भाजीचा ऑटो केनवडला आणतो. भोंग्यावर रेकॉर्डिंग लावत नाही, स्वतःच ओरडतो, "मेथी घ्या, वांगे घ्या!" तुमच्या दारापुढं जरा जास्तच. पडदा हलत नाही. मग घरी येऊन एकटाच जेवतो.

काल ताप होता, आलो नाही. आज तुझी आई बाहेर आली. मेथीची जुडी उचलत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "काल कायले नाही आले? तुमचा आवाज आला का पोट्टं लाथा मारते. काल पोरगी दिवसभर खिडकीपाशीच बसून होती."

दार पुन्हा लागलं. मी तिथंच उभा राहून आणखी तीनदा "मेथी घ्या" ओरडलो.

हे पत्र तुझ्या भावाच्याच हाती पडेल, म्हणून खिशातच ठेवतो. उद्या भोंग्यावरून बोलतो. बाळाला जागं ठेव.

तुझा, गल्लीतला भाजीवाला
धीरज