कोरडे टायर

चिमणे,

मी पहिल्या पाळीला निघालोय. चहा थर्मासमध्ये आहे, हातमोजे वाळलेत.

आठवडाभर बघतोय, पहाटे तू सायकल घेऊन सरावाला जातेस, रस्ता धुक्यानं ओलाचिंब असतो आणि परत येतेस तेव्हा टायर कोरडे ठणठणीत. त्या वळणावर पडलीस, त्याची धास्ती बसलीये का? कुठे दुखतंय का? समोर विचारायचा मला धीर होत नाही. तुझ्या शर्यतीचा डंका मीच सगळीकडे पिटत सुटलो, म्हणून तू सांगायला कचरत असशील, या विचारानं माझी झोप उडालीये.

मी रागावलेलो नाही. जावंसं वाटत नसेल तर खुशाल अंथरुणात पडून राहा. घराबाहेर पडल्याशिवाय अगदीच राहवलं नाही, तर जिन्याखाली खुर्ची ठेवलीये. त्या गार फरशीवर बसू नकोस.

बाबा