हॉलमधला खिळा

श्रूजबरी, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

आज आमच्या म्युझियममध्ये त्या जर्मन पाहुण्यांचं लेक्चर झालं. मूळचे इतिहासकार, मग निवृत्त होईपर्यंत आपल्या गावच्या म्युझियमचे डायरेक्टर. ओळख मीच करून दिली. पदव्या, पुस्तकं, सगळं नीट वाचलं.

नंतर मी त्यांना हॉटेलवर सोडायला गेले, तर गाडीत ते म्हणाले, "तुम्ही वाचलंत त्यात मुख्य गोष्ट नव्हती. डायरेक्टर झाल्यावर पहिल्याच प्रदर्शनात मी माझ्या वडिलांचा नाझी गणवेशातला फोटो लावला. खाली पूर्ण नाव. त्यानंतर आई मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

मग काढावासा नाही वाटला? विचारलंच मी.

"खिळा मीच ठोकला होता," एवढंच म्हणाले.

घरी आले. शनिवारी इथल्या मराठी मंडळाचे लोक दिवाळीच्या फराळाला येणार, म्हणून सवयीने हॉलमधला बाबांचा फोटो उतरवला. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीचा, पांढऱ्या कपड्यांतला. तो दिसला की आलेल्या काकू आडनाव विचारतात, आणि मग त्यांचा आवाज बदलतो. खरंच बदलतो? की मीच तसं धरून चालते? कोण जाणे. रिकाम्या खिळ्यावर दर वेळेसारखं कॅलेंडर अडकवलं.

सोफ्यावरून लेक म्हणाली, "आजोबा बेडरूममध्ये अगेन? व्हाय, आई? व्हॉट डिड ही डू?"

"काहीच केलं नाही गं त्यांनी," म्हटलं. आणि तशीच उभी राहिले. हातात बाबा, खिळ्यावर नोव्हेंबर.