चिखलातली मशिनं आणि यांची माणसं

तीर्थरूप आईंना सुनेचा नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते. भिंतींची ओल कमी झाली का? गुडघा कसा आहे?

पुरात तुमचं मशीन आणि गल्लीतल्या बायकांची शिवणमशिनं बुडाल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत. "आता शिवायचं तरी कुणासाठी," असंही म्हणालात. हे गेल्यापासून यांच्या मोबाइलवरचा मशीन दुरुस्तीचा ग्रुप मी उघडला नव्हता. त्या दिवशी उघडला आणि सगळं लिहिलं. हे आता नाहीत, तेही लिहिलं.

तिथली रीत अशी, की मशीन दुरुस्त झालं की त्याचा आवाज पाठवायचा. थोड्या वेळाने कुणीतरी नुसता चालत्या मशिनचा आवाज पाठवला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. दिवसभर कुठकुठून आवाज येत राहिले. सगळी यांनी दुरुस्त करायला शिकवलेली मशिनं. मी हातातलं काम टाकून ऐकत बसले. आई, एवढी माणसं यांची होती, आणि मी म्हणायची, सदा फोनमध्ये डोकं!

एकाने लिहिलं, "वहिनी, दादा आम्हाला रोज गाढव म्हणायचे. आता गाढवांना ओझं वाहू द्या." सुटे भाग निघाले आहेत. रविवारी चौघं तुमच्याकडे येतील. त्यांना नुसत्या चहावर पाठवू नका.

तुमचं मशीन आधी करून घ्या, नको म्हणू नका. चालू लागलं की फोन जवळ धरून आवाज पाठवा. सगळे वाट पाहताहेत.

मीही.

तुमची सून