सावरीची बंडी

३ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

फेरीबोटीवरच्या नोकरीसाठी तरंगायची बंडी घालून नदी पार करून दाखवायची, आणि तू दोनदा काठावरूनच परत फिरलास, हे वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. हौदात बरा पोहतोस की! नदी दिसली की कुठे जातं ते सगळं?

आता तिसरी आणि शेवटची संधी. म्हणून मीच बंडी शिवून पाठवते आहे. आत सावरीचा कापूस आहे. गाद्या भरण्यात वीस वर्षं गेली माझी, छातीठोक सांगते: साधा कापूस पाणी पितो, सावरीचा पीत नाही, तरंगतो. डोळे मिटून उडी मार. मला ताप होता, म्हणून भरण्याचं काम तेवढं तुझ्या दाजींनी केलं. घड्याळं दुरुस्त करून कंटाळले होतेच.

लोभ आहेच, पत्राचा आळस नसावा.

तुझी ताई

१२ मार्च

धाकट्या, आशीर्वाद मागाहून. पाण्यात उतरू नकोस!

आज शेजारचे मास्तर नवी उशी घेऊन भांडायला आले. म्हणाले, वजनाला निम्मीसुद्धा नाही, कापूस खाल्लात. उसवून पाहते तर आत तुझी सावर! उशी आणि बंडी, दोन्ही तुझ्या दाजींनी एकाच दिवशी भरलेल्या. वर म्हणतात, पोत्यात दोन्ही कापूस पांढरेच दिसतात. तुझ्या बंडीत साधा कापूस आहे रे, भिजला की धोंडा. नोकरी गेली खड्ड्यात, मला तू हवा आहेस.

ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल नदी पार केली! अर्ध्यात कुणीतरी मागे ओढतंय असं वाटलं. एरवी बोंब ठोकली असती. पण तुझी सावर बुडू देणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून निवांत हात मारत राहिलो. काठावर बंडी उचलायला दोघे लागले. कप्तान म्हणाले, एवढं ओझं घेऊन पोहणारा पहिल्यांदाच पाहिला. सोमवारपासून कामावर. दाजींना सांग, बंडी झकास भरली आहे.

आहे ती माया राहू द्यावी.

तुझा धाकटा

१६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. वाचलं आणि बोटीवरच मटकन खाली बसलो. कप्तानांनी पाणी आणून दिलं. झालं ते सांगितल्यावर ते पोट धरधरून हसले.

संध्याकाळी काम सुटल्यावर बंडी काढून ठेवली आणि पुन्हा पाण्यात उतरलो. ताई, या खेपेस जाम घाबरलो होतो. पलीकडे पोचेपर्यंत घाबरलेलाच होतो.

तुझा धाकटा